आधी सुई, मग नाव: गडग्याजवळचा खांबासारखा कॅक्टस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळ आजोळच्या घरी गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून १५ फुटांचा खांबासारखा कॅक्टस उभा आहे. तीसेक वर्षांपूर्वी मामांनी मुंबईहून पिशवीत घालून त्याचा वीतभर तुकडा आणला होता. त्याला सहा धारा आहेत, शेंड्याकडे रंग निळसर आहे, काटे आखूड आणि मोजके, तर बुंधा तपकिरी आणि खरखरीत. मे महिन्यात रात्री मोठं पांढरं फूल आलं म्हणून मामींनी सांगितलं, तुम्ही ते पाहिलेलं नाही. फळ कधीच धरलं नाही. मोबाइलमधल्या अ‍ॅपने एकदा 'सग्वारो' सांगितलं, दुसऱ्यांदा 'सॅन पेद्रो'. शेजारच्या काकी म्हणतात, हा आपला निवडुंगच, याचं दूध लहान मुलांच्या खोकल्यावर चालतं. नाव काय, आणि बुंध्याला रोग लागलाय का?

काकींच्या दुधापासूनच सुरुवात करतो. ओळखीची पहिली पायरी तीच आहे आणि धोकाही तिथेच आहे.

आपल्याकडे 'निवडुंग' या एका शब्दात दोन वेगळी घराणी कोंबलेली आहेत. वईचा निवडुंग, त्रिधारी, शेर ही सगळी युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातली मंडळी. खरा कॅक्टस अमेरिका खंडातला. ऱ्हिप्सॅलिस या कॅक्टसची एक झाडांवर लोंबणारी जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपसूक वाढते. तेवढी सोडली तर कोलंबसाच्या आधी जगाच्या या बाजूला कॅक्टस नव्हताच. आपल्या पुळणीवर माजलेला फड्या निवडुंगसुद्धा पाहुणाच, फक्त तो परत गेला नाही एवढंच. युफोर्बिया आणि कॅक्टस दोघेही मांसल, दोघांनाही काटे, दोघेही खांबासारखे वाढतात. पाणी साठवायची एकच युक्ती दोघांनी वेगवेगळ्या खंडांत शोधली, त्यामुळे लांबून काढलेल्या फोटोवर माणूसही फसतो आणि अ‍ॅपही.

म्हणून आधी सुई. घरातली शिवणाची सुई घ्या, डोळ्यांवर चष्मा चढवा, हातात मोजे घाला. खांबाच्या वरच्या, कोवळ्या हिरव्या भागात धारेच्या बाजूला हलकेच टोचून सुई बाहेर काढा आणि पाच-दहा सेकंद नुसतं बघा. युफोर्बिया असेल तर त्या भोकातून दुधाचा पांढरा टिपूस लगेच फुगून वर येतो, वाट बघायला लावत नाही. कॅक्टस असेल तर काहीच येत नाही, किंवा पाण्यासारखा रस येतो आणि तो दोन बोटांत चोळला की भेंडी चिरल्यासारखा बुळबुळीत लागतो. (दूध निघणारे कॅक्टसही आहेत, मॅमिलेरियातल्या काही जाती. पण त्या मुठीएवढ्या, गोल. पंधरा फुटांच्या खांबापुढे त्यांचा विचार नको.)

चष्म्याचं मी उगाच सांगत नाही. रोपवाटिकेच्या धंद्यात नवा असताना भर मे महिन्यात त्रिधारीची छाटणी करत होतो. घाम डोळ्यांत उतरायला लागला म्हणून मनगटाने कपाळ पुसलं, एवढंच. दहा मिनिटांत उजवा डोळा असा पेटला की रात्री रत्नागिरीला डॉक्टरांकडे जावं लागलं, आणि पुढचे दोन दिवस खोलीत अंधार करून पडून होतो. हा चीक डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता काकींचा खोकला. वईच्या निवडुंगाचं पान शेकून त्याचा रस काढायची रीत जुनी आहे, ती त्यांच्या मनात असणार. पण ते वेगळं झाड. त्याला पावसाळ्यात लांबट जाड पानं फुटतात आणि त्याचा चीक जहाल असतो. तुमच्या खांबाचं त्याच्याशी कुळाचंही नातं नाही. मुलांना यातलं किंवा त्यातलं, दोन्हीतलं काही देऊ नका.

सुईत दूध आलं नाही की पुढे गादी बघायची. कॅक्टसचा काटा सरळ सालीतून कधी निघत नाही. धारेच्या कडेवर ठरावीक अंतराने एक बारीक उशी असते, तांदळाच्या कणीपासून तुरीच्या डाळीएवढी, तिच्यावर लोकरीसारखी लव. पुस्तकी नाव अरिओल, आमच्या रोपवाटिकेत तिला गादी म्हणतात. काटे, कळी, नवी फांदी, जे काय फुटायचं ते त्या गादीतूनच. युफोर्बियाला गादी नसते. तिथे काटे बहुतेक जोडीने, शिंगांसारखे, कडक सालीवर बसवल्यागत दिसतात. हा फरक एकदा भिंगातून पाहिला की जन्मभर विसरत नाही. फक्त बुंध्याजवळच्या गाद्या बघू नका. कोकणच्या पावसात जुनी लव गळून जाते किंवा बुरशीने काळी पडते, मग गादी होती की नुसता डाग हेच कळत नाही. शिडी घ्या, शेंड्याजवळ बघा. फड्याच्या गादीत काट्यांबरोबर कातडीत घुसणारी बारीक कुसळंही असतात, तुमच्या खांबात ती नसणार.

आता धारा. खरी गंमत इथे आहे आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

मोजायच्या कशा? सरळ बोटाने मोजायला गेलात तर फिरता फिरता सुरुवात कुठून केली ते विसरता. एका धारेला लाल दोरा गुंडाळा आणि तिथून फिरून परत दोऱ्यापर्यंत या. मोजायचं छातीच्या उंचीवर. शेंड्याला नाही आणि मुळाशीही नाही, कारण झाडाच्या वयाबरोबर धारा वाढतात. लहान रोपाला चार-पाच असतील, तोच खांब वर जाता जाता मधेच एक नवी धार काढतो. आंब्याच्या कलमाच्या सावलीत वाढलेला तुकडा तर बारीक, लांबोडा होतो आणि धारा अगदीच पातळ दिसतात. एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर सहा आणि सात धारा मी पाहिलेल्या आहेत. तेव्हा 'सहा' या आकड्याला देव मानू नका, तो फक्त दिशा दाखवतो.

आकड्यापेक्षा धारेचा घाट जास्त बोलतो. खांबाची एखादी फांदी मोडली असेल तर आडवी चकती कापून बघा. सेरियस नावाच्या प्रजातीत (प्रजात म्हणजे जवळच्या जातींचा गट) धारा पातळ आणि खोल असतात, दोन धारांमधली घळ पार आतपर्यंत जाते, आणि चकती हुबेहूब करमळाच्या (स्टारफ्रूटच्या) फोडीसारखी चांदणी दिसते. सॅन पेद्रोची चकती तशी नसते. त्याच्या धारा रुंद, बोथट, गुबगुबीत आणि घळ उथळ. शिवाय प्रत्येक गादीच्या वर कातडीत बारीकशी खाच असते, जणू नखाने दाबल्यासारखी. तुम्ही पाठवलेल्या जवळच्या फोटोत धारा सुरीसारख्या आहेत आणि खाच कुठे नाही. म्हणजे अ‍ॅपचा दुसरा अंदाज बाद. सॅन पेद्रो पेरू-इक्वेडोरच्या अँडीज पर्वतातला, थंड रात्रींचा रहिवासी. त्यात भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं म्हणून त्याच्या नावाभोवती भलतं कुतूहल आहे. कुणी त्या आशेने तुमच्या झाडाचा तुकडा मागायला आलं तर सरळ गडग्याबाहेर काढा.

पहिला अंदाज, सग्वारो, तो बाद करायला झाड बघायचीही गरज नाही. सिनेमातल्या वाळवंटात हात वर करून उभा असतो तोच हा. १२ ते २५ धारा, आणि वाढ इतकी सावकाश की पहिल्या आठ-दहा वर्षांत बोटाच्या दोन पेरांएवढाही होत नाही. माणसाच्या उंचीला यायलाच कित्येक दशकं, पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं किंवा त्याहूनही जास्त. तुमच्या मामांच्या तुकड्याने तीस वर्षांत १५ फूट गाठले. त्यातही सग्वारोच्या गावी, ॲरिझोनात, वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे २५०० ते ३००० पडतो, आणि तोही चार महिन्यांत. कोकणात तो उघड्यावर दोन पावसाळे काढेल असं मला वाटत नाही.

पाऊस हाही ओळखीचा पुरावाच धरायचा, तो फारसं कोणी धरत नाही. पागोळ्यांखाली नाही, पण उघड्यावर, जांभ्यात, खाऱ्या वाऱ्यात तीस पावसाळे काढलेला खांब म्हणजे मेक्सिकोच्या कोरड्या माळावरचा लाडावलेला पाहुणा नव्हे. हा दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेकडचा, दमट हवेची सवय असलेला गडी असणार. गडग्याजवळचा उतार आणि जांभ्याची निचऱ्याची जमीन यांनीही त्याला हात दिला.

निळ्या रंगाबद्दल. त्यावरून नाव ठरवायचा मोह मलाही झाला होता आणि मी तोंडावर पडलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे निळ्या-राखी खांबांची एक रांग होती. पाच-सहा धारा, निळा रंग, म्हणून मी बिनदिक्कत 'सेरियस' अशा पाट्या लावल्या आणि विकलेही. सात-आठ वर्षांनी त्यातल्या उरलेल्या एका झाडाला फुलं आली, आणि ती दिवसाढवळ्या, रुपयाच्या नाण्याएवढी, हिरवट पांढरी, एकेका गादीतून चार-चार, पाच-पाच! सेरियसच्या एका गादीतून एक मोठं फूल, तेही रात्री. माझी रांगच्या रांग मिर्टिलोकॅक्टस निघाली, मेक्सिकोतली. तिला नंतर करवंदाच्या रंगाची बारकी गोड फळं लागतात आणि तिच्यावर रंगीत गोल कॅक्टसची कलमं करतात. ज्यांना विकली त्यातल्या जेवढ्यांचे पत्ते होते त्यांना मी कळवलं. बाकीच्यांच्या अंगणात चुकीची पाटी अजून असेल.

निळेपणा म्हणजे काळ्या द्राक्षावर असते तशी मेणाची भुकटी. अंगठ्याने चोळली की खालचा हिरवा दिसतो. नव्या वाढीवर ती दाट असते, जुन्यावर पाऊस आणि वारा ती धुऊन नेतो. सेरियसवर असते, मिर्टिलोकॅक्टसवर असते, पिलोसोसेरियसवर तर इतकी की नर्सरीवाले त्याला निळ्या रंगावरच विकतात. पण पिलोसोसेरियसच्या फुलं देणाऱ्या गाद्यांतून पांढरे लांब केस लोंबतात, म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखे. तुमच्याकडे तसं काही नाही.

आता फुलाकडे, कारण शेवटचा शब्द त्याचाच. तुमच्या मामींनी पाहिलं ते तुम्हीही पाहायला हवं. आपल्याकडे घरोघरी ब्रह्मकमळ फुलतं तेव्हा शेजार गोळा होतो, चहा होतो, फोटो होतात. ते आपलं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम, तेही कॅक्टसच. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) तुमच्या खांबाचं फूलही त्याच चालीचं. माझ्याकडच्या सेरियसचं सांगतो. गादीतून आधी हिरवं बोंड येतं, काही दिवसांत ते लांब वांग्याएवढं होतं आणि टोक वर वळतं. ज्या दिवशी फुलायचं त्या संध्याकाळी दिवेलागणीला टोक सैल पडलेलं दिसतं. आठच्या सुमारास करंगळी जाईल एवढी फट. दहा वाजता बशीएवढं पांढरं फूल पूर्ण उघडं, बाहेरच्या पाकळ्यांना तांबूस-हिरवी झाक, मधे पुंकेसरांची दाट झालर. टॉर्च थोडी बाजूला धरून गप्प बसलात तर लांब सोंडेचा एखादा पतंग हवेत एका जागी थरथरत उभा राहिलेला दिसेल. सकाळी उन्हं चढली की सगळं लोळागोळा.

पण पाकळ्यांवर भाळू नका, फुलाच्या मागची नळी बघा. तिच्यावरून बोट फिरवा. सेरियसची नळी गुळगुळीत, तिच्यावर मोजके बारके खवले, ना केस ना काटे. सॅन पेद्रोच्या नळीवर करडी-काळी लोकर असते. ड्रॅगन फ्रूटच्या नळीवर पानांसारखे मोठे हिरवे खवले. नळीचा एक स्पष्ट फोटो मिळाला तर धारा मोजायचे दहा फोटो नसले तरी माझं भागेल.

एवढं सगळं जुळवलं की माझं मत असं: तुमचं झाड सेरियस, याबद्दल शंका फारशी नाही. जात कोणती, तर बहुधा सेरियस हिल्डमानियानस. दक्षिण ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे, अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. साधारण सहा धारा, मोठेपणी काटे तुटपुंजे, काही गाद्या तर बोडक्याच, हे तुमच्या वर्णनाशी जुळतं. नर्सरीत विचाराल तर 'पेरुव्हियानस' किंवा 'पेरूचा कॅक्टस' सांगतील. हे नाव १७५३ साली लिनीअसने सगळे कॅक्टस एकाच 'कॅक्टस' प्रजातीत टाकले तेव्हापासूनचं. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने उभे मेणबत्तीसारखे निराळे काढून सेरियस प्रजात केली, लॅटिनमध्ये सेरियस म्हणजे मेणबत्तीच. पेरुव्हियानस हे आता सेरियस रेपांडसमध्ये धरतात. गंमत म्हणजे रेपांडस पेरूचा नाहीच. तो कॅरिबियन समुद्राकाठचा, कुरासाव-व्हेनेझुएलाकडचा. कुरासावात त्याला कादुशी म्हणतात आणि त्याचं बुळबुळीत सूप करून पितात. पण त्याला नऊ-दहा धारा आणि काट्यांची दाटी. तुमचा तो नव्हे. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्येतला जामाकारू हा तिसरा उमेदवार. त्याला चार ते सहा धारा असतात खऱ्या, पण काटे बोटाहून लांब. तुमचे 'नखाएवढे' म्हणता, म्हणजे तोही बाजूला.

'बहुधा' मी मुद्दाम म्हणतोय. बागेतले सेरियस पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यांवरून वाढवलेले, त्यात संकरही भरपूर. मूळ कुठून आलं याचा कागद नसेल तर प्रजातीपर्यंत छातीठोक सांगता येतं, जातीबद्दल नाही. फक्त फोटो बघून कुणी जातीपोटजातीसकट नाव ठोकून दिलं तर त्याच्या आत्मविश्वासाचं कौतुक करा आणि पाटीवर नाव पेन्सिलीने लिहा.

बुंध्याचं आता दोन ओळींत सांगतो. खालून वर चढत गेलेला तपकिरी, कोरडा, जुन्या बुचासारखा भाग म्हणजे रोग नव्हे, वय. एवढं वजन पेलायला खांब खाली लाकडी होतो. अंगठ्याने जोरात दाबा, नाण्याने ठोका. टणक आवाज आला तर निश्चिंत राहा. वर दगडफूल किंवा शेवाळ चढलं असेल तर तेही राहू द्या. दाबल्यावर अंगठा आत गेला, काळपट ओल दिसली, आंबूस वास आला तर मात्र कूज आहे. आपल्याकडे ती जुलै-ऑगस्टात मुळाशी पाणी साचलं की सुरू होते. तसं असेल तर वरचा निरोगी भाग कापून, काप सावलीत दोन-तीन आठवडे सुकवून, पावसाळा सरल्यावर लावायचा. कापताना दोन माणसं लागतील. १५ फुटांचा खांब पाण्याने भरलेला असतो, वाटतो त्यापेक्षा फार जड.

फळ का नाही? मामांनी आणला तो एक तुकडा, म्हणजे झाड एकच, आणि सेरियसला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत. गावात दुसऱ्या कुणाकडे असलं तरी ते तुमच्याच घरून नेलेलं असेल तर वंश तोच, उपयोग नाही. दुसऱ्या वंशाचं झाड हवं. फळ धरलं तर ओळखीचा तो आणखी एक दाखला होईल: गुळगुळीत, बिनकाट्याचं, पिकल्यावर लाल-गुलाबी किंवा पिवळसर, उभं उकलणारं, आत पांढरा गर आणि काळ्या बिया. खायला गोडसर लागतं, ड्रॅगन फ्रूटच्या जवळपास.

माझ्याकडे एक सेरियस आहे, त्याचा तुकडा गोव्याहून आणलेला, तुमच्यापेक्षा नक्की वेगळ्या वंशाचा. पुढच्या मे महिन्यात तुमच्याकडे बोंडं दिसली की मला कळवा. माझं त्याच सुमारास फुललं तर पराग कागदाच्या पुडीत घालून एसटीने पाठवतो. रात्री दहाच्या सुमारास, फूल पुरतं उघडलं की मऊ ब्रशने मधल्या चांदणीसारख्या टोकावर लावायचे. आणि शिडीवर चढलाच आहात तर नळीचा फोटो काढायला विसरू नका.